चार बोटं उघडी

पानेवेझिसमधल्या आमच्या इमारतीत चाळीस घरं
आणि एकाही रेडिएटरला चावी नाही.
ऊब वरून येते. तारीख नगरपालिका ठरवते.
मग बाहेर उणे चौदा असोत की उणे दोन,
ती येते ती येतेच.
अती झाली की करायचं काय?
खिडकी उघडायची, चार बोटं.
आम्ही बनियनवर बसून रस्ता तापवतो,
आणि बिल आलं की तेवढे थरथरतो.

यंदा मंत्रालयाचं पत्र आलं, गुळगुळीत कागदावर:
भिंतींना बाहेरून अस्तर लावा, रेडिएटरना चाव्या बसवा.
निम्मे सरकारचे, निम्मे तुमचे.
अट एकच, घरटी सही.
मी समितीचा अध्यक्ष, म्हणजे
बैठकीत ज्याला नाही म्हणता आलं नाही तो.
फाइल काखोटीला मारून जिने चढू लागलो.

रिम्गौदास म्हणाला, सगळे करत असतील तर मीही करतो.
समोरच्या दारानं विचारलं, रिम्गौदासनं केली का?
पाचव्या मजल्यावरची औश्रिने म्हणाली,
मंत्रालयाच्या खिडक्या रात्री दोनला कुणासाठी उजळतात?
पत्रात उत्तर नव्हतं.
सही मात्र केली तिनं, पोर कडेवर घेऊन,
वाकडीतिकडी.

राहिल्या गेनोवैते बाई. सत्त्याऐंशी वर्षं, कोपऱ्यातलं घर.
दिवा एकच, तोही मी आलो म्हणून लावला.
पलंगावर दुलईत पातेलं दडपलेलं:
बटाट्यांना उकळी आली की गॅस बंद,
पुढचं काम दुलईचं.
मी पाठ केलेलं बोलत सुटलो,
एक अंश कमी, देश, हवा, नातवंडं.
त्या ऐकत होत्या, स्वेटरवर स्वेटर.
मग म्हणाल्या, "तुझ्या न्हाणीघरातली फरशी
दिवसरात्र गरम असते म्हणे, बाळ."

मी फाइलची दोरी सोडली, पुन्हा बांधली.

"सहीला नाही म्हणत नाही मी.
पण लहानपणी आमच्या दाराशी असाच एक जण आला होता.
वडलांनी सही केली.
कागद तेव्हाही आमच्या भल्याचाच होता."

सही केली त्यांनी. पेन्सिलीनं.
वेळ पडली तर खोडता यावी इतकी फिकट.

त्या रात्री मी फरशीचं बटण बंद केलं.
कुठल्याच पत्रात तसं लिहिलं नव्हतं.
सकाळी पाय गारठले, तोंडातून शिवी गेली.

महिन्यानं फाइल परत आली:
एक सही शाईची नाही. मुदत शुक्रवारपर्यंत.

आता अंगणात उभा आहे, खिशात पेन.
वर पाहिलं.
एकोणचाळीस घरांच्या खिडक्या चार बोटं उघड्या,
माझीसुद्धा.
आणि कोपऱ्यातली,
जिथे पोचता पोचता ऊब दमून जाते,
ती घट्ट मिटलेली,
फटींत जुन्या मोज्यांच्या चिंध्या कोंबून.