फूटपट्टी

घणसोली गावठाणात, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर
बाळारामकाका मढवींची खोली.
दारावर पाटी नाही. आत प्रभागरचनांचे नकाशे,
गुंडाळून साड्यांच्या दुकानाच्या पिशव्यांत उभे केलेले,
आणि एक लाकडी फूटपट्टी
जिचा पहिला इंच झिजून गेलाय.
"म्हणून मी एकपासून मोजतो," काका म्हणाले,
"शून्यावर भरवसा ठेवू नये, बाय. कुणाच्याच."

रबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात
तीस वर्षं ते नमुने तपासत.
बाटलीवर काय लिहिलंय ते साहेबाला ठाऊक,
आत काय आहे ते लिटमसला.

मी गेले तेव्हा माझ्याकडे एमएची पदवी होती,
लॅपटॉप होता, आणि तयार शब्द:
लाट, मतपेढी, समीकरण.
"लाट?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कुठल्या शाळेत आली? कितव्या खोलीत?"
आणि केंद्रनिहाय निकालपत्रक पुढ्यात ढकललं,
झेरॉक्सची झेरॉक्स, तीन आणि आठ सारखेच दिसणारे.

तो पूर्ण पावसाळा मी वाचत होते.
शपथपत्र शेवटच्या पानापासून, सहीकडून संपत्तीकडे.
"निरंक" दिसलं की पेन्सिल तिथेच टेकवून ठेवायची.
सभेचं इतिवृत्त: चर्चेअंती एकमताने मंजूर.
(चर्चा किती मिनिटांची, ते चहाच्या बिलावरून कळतं.)
अर्थसंकल्पात त्याच नाल्याची तीच भिंत
चार वर्षं ओळीनं, दरवर्षी थोडी महाग.
भाषणं सगळ्यात शेवटी ऐकायची, तीही भांडी घासताना.
माहितीच्या अर्जाला दहाचं तिकीट डिंकानंच लावायचं,
थुंकीनं लावलेला अर्ज परत येतो म्हणे.
याला मात्र काकांकडे काही पुरावा नव्हता.

मग केंद्र क्रमांक एकशे अठरा सापडलं.
मागच्या खेपेला एका पक्षाला पाचशे बारा,
या खेपेला दोनशे सात.
मी रात्रभर जागले. पैसा, फूट, नाराजी,
लाल रंगात कोसळणारा आलेख
आणि खाली तीन टोकदार परिच्छेद.
तिसऱ्यात "विश्वासघात" हा शब्द होता. मला फार आवडला होता.

सकाळी काकांनी आलेख पाहिला.
चांगला आहे म्हणाले, आणि चपला घातल्या.

तळ्याच्या कडेनं, मासळीबाजाराच्या मागनं
आम्ही एकशे अठराच्या हद्दीत पोचलो.
चार इमारतींच्या जागी निळे पत्रे. आत खड्डा, खड्ड्यात बगळा.
वॉचमन म्हणाला, माणसं? भाड्यानं गेली.
कोणी तळोज्याला, कोणी दिव्याला, एक म्हातारी
मुलीकडे नालासोपाऱ्याला, तिची तुळस इथेच राहिली.
कुंडी खरंच होती, त्याच्या खुर्चीशेजारी, पाणी घातलेली.

मतं फुटली नव्हती.
टेम्पोत गाद्यांच्या वर बसून गेली होती.

परत येताना मी गप्प. विश्वासघात
तोंडात च्युइंगगमसारखा, ना गिळता येई ना टाकता.
काका चालता चालता इतकंच म्हणाले,
"खड्ड्याला परवानगी कधी मिळाली, ते बघितलंस?"

नाही बघितलं. मी बगळा बघत होते.

आता अर्ज टाकलाय. डिंकानं.
चाळीस दिवस झाले, तिसावा केव्हाच गेला.
मी अपील लिहितेय, काका नकाशावर
एकशे अठराची जुनी हद्द आखतायत, एकपासून मोजत.
खाली गिरणी सुरू होते, टेबल थरथरतं.
ते पेन्सिल उचलतात, हवेत धरून ठेवतात.
कुणाचे तरी पाच किलो गहू आहेत.