भोक पाडलेला मार्च

टॅगवर बारा महिने छापलेले असतात, गोलाकार.
खाली नाव, परवान्याचा नंबर.
तपासणी झाली की त्या महिन्यावर पंच दाबायचा.
लोकांना तेवढंच दिसतं: भोक.

भोकामागे काय काय असतं
ते मी बॅटन रूजला दोन दिवस बाकावर बसून शिकले.
सहाव्या वर्षी पोट उघडायचं,
बाराव्या वर्षी पाण्याचा दाब देऊन बघायचं,
नळीत फुंकर मारायची, कुंभारीण घर करते आत.
चूक झाली तर दंड किती, कोणाला, कितव्यांदा.
आग लागल्यावर विहीर खणायची असेल, शिकवणारा म्हणाला,
तर बाहेर जा, दार उघडं आहे.

परवाना टपालाने आला. वडिलांनी पाकीट फोडलं नाही,
टेबलावरून माझ्या बाजूला सरकवलं.

अल्सीड व्हेरे. कागदाच्या आधीच्या काळातले.
ट्रकमध्ये चाळीस लाल सिलिंडर खडखडत, मागे गावातली कुत्री.
तोलायचेसुद्धा नाहीत; नुसतं उचलून म्हणायचे,
अर्धा पौंड कमी आहे.
आणि अर्धा पौंडच कमी निघायचा.
सरकारचं नाव काढलं की म्हणत,
ज्याचं हातावर पोट, त्याच्या हातावर शिक्का मारायला आलेत.
पुढे त्यांनीही फॉर्म भरला. कुरकुरत, पण भरला.

मग तो हात थरथरू लागला.
हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आज ड्यूलाकला, बायूच्या काठी, कोळंबीच्या शेडमध्ये,
उकळत्या कढईपासून चार पावलांवर, खिळ्याला
त्यांचं सिलिंडर. काटा हिरव्यात.
लुओंगबाई म्हणाल्या, तुझ्या बापाने लावलंय, त्याला काय होतंय.
मी उलटं केलं, कानाशी धरलं.
पावडर सरकली की पोत्यातल्या तांदळासारखी बोलते.
हे बोललं नाही.
रबरी हातोडीने बुडावर ठोकलं. आत दगड.
मानेत कडं नाही, म्हणजे कुणी कधी उघडलंच नाही.
आणि टॅग, एकाखाली एक, पाच.
पाचही मार्च.

भोकं मात्र नेमकी अक्षराच्या मधोमध.
तसल्या हाताने
एवढं नीट भोक पाडायला
किती वेळ उभे राहिले असतील ते इथे,
वाफेत, टोपी काखेत धरून.

लाल टॅग लावला. लुओंगबाईंना ट्रकमधलं दुसरं दिलं,
पैशाचं नंतर बघू म्हटलं.
फायर मार्शलच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
आधीचं काम कोणाचं.
पेन बराच वेळ कोरडंच फिरवत होते.
मग लिहिलं.

गुरुवारी ऑफिसातून फोन आला. पोरगेलासा आवाज,
बाई, दोन्हीकडे व्हेरेच पडलंय,
तपासणारीही आणि आधीचाही.
चुकून दोनदा लिहिलंत का?

नाही, म्हटलं.
आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज
कुणीतरी कमी केला.