तारेची दोन टोकं

बाहेर उणे बावीस.
गाड्या विजेच्या वायरींना जोडून उभ्या,
दावणीला बांधल्यासारख्या.
आणि मी आत थंडी बनवतो.
पगार मिळतो त्याचा.

एस्पूच्या या तळघरात
छताला टांगलेलं एक सोनेरी झुंबर माझ्या ताब्यात आहे:
वरच्या थाळीपेक्षा खालची गार,
तिच्याखालची त्याहून,
आणि सगळ्यात तळाशी, नखाएवढ्या चकतीवर
अशी जागा, की ताऱ्यांमधल्या काळोखालाही
तिथे हुडहुडी भरेल.
तिथे ऊनाची तार.
केसाचे हजार भाग करा. त्यातला एक.

ऊना राउतिओला मला म्हणाली, ताइस्तो,
एकच गोष्ट या दोन टोकांत
अर्धी अर्धी ठेवता आली पाहिजे.
या टोकाला विचारा, त्याला पत्ता नाही.
त्या टोकाला विचारा, त्यालाही नाही.
मग कुठे धक्का लागो, कुठे थोडी ऊब शिरो,
गोष्ट फुटायची नाही.

मला कळलं. म्हणजे, माझ्यापुरतं.
बापाने घरी गाळलेल्या दारूचा कॅन
तळ्यात बुडवून ठेवला होता.
मला किनाऱ्यावरची खूण ठाऊक,
भावाला तिथून किती वल्ही मारायची ते.
पोलीस दोघांकडे वेगवेगळे येऊन गेले.
पुढे आम्हा भावांचं बोलणं तुटलं.
कॅन सुरक्षित आहे.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे, तीन वाजून दहा मिनिटांनी,
पडद्यावर, बरोबर शून्यावर,
एक टोक उगवलं.
बारीक. ताठ.
ऊना ओरडली नाही.
माझा कॉफीचा मग उचलून
तिने तो गारढोण घोट पिऊन टाकला.
दुपारी केक आला. प्राध्यापक लिंडरूस टाय घालून आले.
दहा वर्षांत यंत्र, असं कुणीतरी म्हणालं,
आणि केक संपला.

मग तिने कुणी न सांगितलेलं काम केलं.
बाजूच्या गेटचं व्होल्टेज
किंचित फिरवलं.
खरं असतं तर खुंटीसारखं रुतून राहिलं असतं.
हे सरकलं,
हॉटेलात बिल आल्यावर मित्र सरकतो तसं.
तारेत कुठेतरी कचरा होता, एखादा कण,
दोन आठवडे सोंग घेऊन बसलेला.

लिंडरूस म्हणाले, आलेख इथपर्यंतच दाखवला
तरी ते खोटं ठरत नाही.
बरोबर आहे. कात्री कुठे खोटं बोलते,
ती नुसती गप्प बसते.
ऊनाने सबंध आलेख छापला.
भिंतीवर मावेना, तर कोपऱ्यात दुमडून चिकटवला.

तिमाही अहवालात एक रकाना असतो: प्रगती.
चार वेळा लिहून तिने चार वेळा खोडलं.
शेवटी लिहिलं:
सदतिसावी तार नव्हे.

यंत्र तापायला दोन दिवस लागतात.
आपल्या जगाच्या पातळीवर त्याला हळूहळूच आणावं लागतं,
घाई केली तर दव धरतं.
तिसऱ्या दिवशी मी चोवीस बोल्ट काढले.
अडतिसावी तार ऊनाने
श्वास रोखून बसवली.
पंप आधी खरखरला,
मग त्याचा आवाज बसला.

त्या संध्याकाळी मी औलूला फोन लावला.
अकरा वर्षांनी.
विचारलं, वल्ही किती?
भाऊ म्हणाला, आधी तू खूण सांग.
त्याच्याकडेही बर्फ पडत असावा.
बराच वेळ
दोघांनी फोन ठेवला नाही.