जांभा

सिलाच्या अलीकडे बसचा पट्टा तुटला.
गुलरंग ड्रायव्हर म्हणाला, दोन तास, जास्तच.
उमऱ्याला निघालेले आम्ही सगळे उतरलो
एका गावात, ज्याची पाटीसुद्धा उन्हाने पुसलेली.

अकरा घरं, एक मशीद, बर्फाचा कारखाना बंद.
वाळूवर तारेचे पिंजरे, खुराड्यांसारखे रचलेले;
त्यांत मासे आपण होऊन शिरतात म्हणे.
होड्यांखाली पाणी हलतही नव्हतं.
आमच्या जयगडच्या खाडीला इतकं गप्प राहवत नाही.

खमीस नावाचा म्हातारा पिंजरा विणत होता.
पक्कड ठेवून त्याने कहवा ओतला,
मोडक्या हिंदीत विचारलं, कुठला?
मी म्हटलं, बॉम्बे. सगळे तसंच सांगतात.

मशिदीमागची जागा त्यानेच दाखवली:
हजला निघालेली गलबतं वारा पडला की इथे थांबत.
कुणी कुणी राहूनच गेलं.
सतरा कबरी, उशाला प्रवाळाचे पांढरे दगड
आणि एकीच्या उशाला
लाल, भोकाभोकांचा
जांभा.

इथे कुठून?
खमीसने खांदे उडवले. निरमाचा असेल,
गलबताच्या पोटातला.
मी हात लावला. तापला होता,
पडवीच्या पायरीसारखा खरखरीत.

बायकोने दुआंची यादी दिली होती, चौदा नावं.
गुलरंगचं पेन घेऊन खाली लिहिलं:
जांभेवाला. मग थांबून: किंवा वाली.

हॉर्न वाजला. पळता पळता
मागे वळून ओरडलो, बॉम्बे नाही, जयगड!
खमीसने पक्कड हलवली.
त्याला दोन्ही सारखीच लांब.