बेकेबेकु

उद्यमबागेत, लेथच्या शेडवर चढवलेल्या पत्र्याच्या खोलीत
आमची टीम : पाच माणसं आणि एक फॅन.
खाली कास्टिंगची खरखर काढतात,
वर आम्ही यादीची.

बेकवाडच्या दूध संस्थेसाठी यंत्र करायचं होतं.
काटा, फॅटचं मीटर, पावती. एवढंच,
असं पहिल्या दिवशी म्हणाले.
दहाव्या दिवशी एवढंच एक्केचाळीस झालं.

भिंतभर चिठ्ठ्या. पिवळ्या संपल्या तेव्हा
मल्लसर्जानं मेव्हण्याच्या उरलेल्या लग्नपत्रिका कापून आणल्या,
म्हणून आमच्या काही गरजांच्या पाठीवर अजून
'सहकुटुंब सहपरिवार' आहे.

मी पुण्याच्या ट्रेनिंगमधून चार इंग्रजी खाने शिकून आलेली.
फळ्यावर लिहायला लागले तर शिवगंगा म्हणाली,
तसलं काय नको गे, घरच्यासारखं लिही की :
बेकेबेकु. बेकु. आमेले. बेड.
पाहिजेच पाहिजे. पाहिजे. मागनं बघूया. नको.
आमच्याकडं लेकरू पायावर उभं राहायच्या आधी
हे चार शब्द शिकतं,
कुठल्या भाषेतले ते मागनं कळतं.

दुपारपर्यंत सगळ्या चिठ्ठ्या बेकेबेकुत.
पहिल्याच पंगतीला सगळा गाव, आणि वाढपी पाच.
इनासला पासवर्ड आधी हवा,
भरमूला मोबाईलवर मेसेज,
चेअरमनना, यंत्र चालू करताच
रंगीत पडद्यावर चेअरमन.

मग तेविसावी निघाली : पावतीची भाषा.
फॅन एकदम ऐकू यायला लागला.
भरमूचे वडील आणि मल्लसर्जाचे काका
याच एका प्रश्नासाठी समोरासमोरच्या मोर्चांत होते,
आणि टाके एकाच डॉक्टरनं घातले.
दोघंही चिठ्ठीकडं बघत नव्हते.
इनास म्हणाला, चहा सांगू काय?

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला आम्ही बेकवाडात.
जुना काटा, पोत्यावर मांडलेला. कॅनची रांग.
लक्कव्वाचं दूध काट्यावर गेलं,
आकडा उमटला,
आणि करंट गेला.

काट्याला आता काही आठवत नव्हतं.
किती होतं गे? पोऱ्यानं अंधारात विचारलं.
तीनच्या वर हुतं की रे.
त्यानं तीन लिहिलं.
ती काही बोलली नाही, कॅन उपडा करून
उरलेला थेंब निथळेपर्यंत थांबली.

मी विचारलं, मावशी, नव्या यंत्रात काय काय पाहिजे?
मला वाटलं, ती पण यादी देईल.
म्हणाली, करंट गेला तर त्यानं इसरू ने.
बाकी काय बी लावा तुमी.

एक्केचाळीसांत हे नव्हतं.

परतताना जीपमध्ये कोणी बोललं नाही.
भरमू बॅटरीचा हिशोब करत होता, बोटांवर,
शिवगंगा त्याला हातचे सांगत होती.
रंगीत पडदा काढला तर बसतंय, एवढंच तो म्हणाला,
देसूरच्या फाटकात गाडी थांबली तेव्हा.

आता बेकेबेकुत एकच चिठ्ठी आहे, बेचाळिसावी.
मी लिहिली, घाईत, हाताला आली त्या कागदावर.
पासवर्ड बेकुत. मेसेज आमेले.
पडदा बेडमध्ये टाकला, मग चेअरमनांचा फोन आला.
मी उचलला. वीस मिनिटं होय साहेब म्हणाले,
चिठ्ठी हलवली नाही.

तेविसावी कुठल्याच खान्यात नाही.
सध्या पावतीवर नुसते आकडे छापायचे ठरलंय,
तेही कुठले आकडे, हे शिवगंगानं लगेच विचारलं,
आणि सगळे हसलो, जरा जास्तच वेळ.
ती चिठ्ठी फळ्याच्या चौकटीला चिकटवलीय.
फॅन लागला की तिचं एक टोक उचलतं.
जो जवळ असतो तो, जाता जाता,
अंगठ्यानं दाबून ठेवतो.