आधी झाडं गेली

आधी झाडं गेली.
घर मागाहून निघणार होतं, फेब्रुवारीत,
दिवस मोठे असतात आणि बैलांचे खूर रुतत नाहीत तेव्हा.
आमच्या चिलोए बेटांवर घर असंच जातं:
खांबांवरून उचलायचं, खाली ओंडके सरकवायचे,
बारा जोड्या जुंपायच्या
आणि दारंखिडक्यांसकट समुद्रात लोटून
खाडीपलीकडे ओढून न्यायचं.
मजुरी कुणी घेत नाही. पोटभर जेवायला घालायचं, बस.

पण झाडाला फेब्रुवारी चालत नाही.
झाड झोपेतच न्यायचं असतं, आई म्हणाली.
मार्चमध्येच तिनं दोघांभोवती चर मारून
लांबची मुळं तोडून ठेवली होती,
म्हणजे आत बारीक फुटतात, माती धरून बसतात.
बाबा म्हणाले, एर्मिंदा, सफरचंदाची रोपं कुठेही मिळतात.
नवराही कुठेही मिळतो, आई म्हणाली,
आणि कुदळ त्यांच्याच हातात दिली.

ऑगस्ट. बोटं वळत नव्हती.
एक सफरचंद, एक आलुबुखार,
मुळांचे गड्डे गोणपाटात बांधून
सेलिंदोच्या होडीत उभे केले.
प्रत्येकाच्या बुंध्याला उत्तरेच्या अंगाला लाल लोकर:
ज्या बाजूनं ऊन खात आलं
त्याच बाजूनं खाऊ दे.
तिसरं झाड म्हातारं, स्वयंपाकघराच्या भिंतीला रेलून वाढलेलं.
ते राहिलं.
आई त्याच्याकडे न बघता होडीत बसली.

पलीकडे तेव्हा घर नव्हतं.
बाबांनी खुंट्या ठोकून सुतळी ताणली होती, तेवढंच.
आई त्या सुतळीच्या घरात शिरली. दारातून शिरली, बरं का,
जिथे दार येणार होतं तिथूनच.
मोरीपाशी उभी राहिली, हात पुढे, जणू ताटल्या विसळतेय,
आणि नसलेल्या खिडकीतून मला ओरडली,
डावीकडे. अजून थोडं. हं, आता लाव.

सहा महिने झाडं वाट बघत राहिली.
मेंढ्या आमच्या बैठकीच्या खोलीतून ये-जा करायच्या.
सप्टेंबरच्या शेवटी सफरचंदाला चार फुलं आली,
ती आईनं खुडून टाकली. आधी मुळं, म्हणाली.

मग घर आलं.
लाटांवर कलत, धापा टाकत,
पडदा काढायचा राहून गेलेला, तो बाहेर फडफडत होता.
बैलांनी त्याला वाळूतून वर ओढलं, चढ लागला,
डावीकडचा दोर तुटला
आणि घर हळूच अर्धं वळलं, बसलं.
तोंड भलतीकडेच.
मोरीची खिडकी समुद्राकडे, झाडं भिंतीमागे.

कुणी बोललं नाही.
चोवीस बैल फेसाळलेले, माणसं चिखलात गुडघाभर.
अशा वेळी, अजून एकदा ओढता का, असं विचारत नाहीत.
आईनं बटाटे वाढले, मटण वाढलं,
जुन्या झाडाची आंबवलेली दारू सगळ्यांच्या पेल्यात ओतली
आणि रात्री समुद्राकडे बघत ऐंशी ताटल्या धुतल्या.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी ती भिंतीवर
बोटाच्या पेरानं ठोकत चालली,
आणि एका जागी थांबून म्हणाली,
बाउदिलिओ, करवत.
झाड परत उपटायचं नाही मला.

दुपारपर्यंत भिंतीला चौकोन पडला.
काच यायची होती.
आलुबुखाराचं एक पान वाऱ्यानं सरळ मोरीत आलं.
आईनं ते काढलं नाही, त्याच्याभोवतीनं भांडी घासली.

एप्रिलमध्ये जुन्या जागी बटाटे काढायला गेले.
घराच्या जागेवर फिकट गवताचा आयत,
आणि म्हातारं झाड तसंच तिरकं,
भिंत गेलीय हे कुणी सांगितलंच नसल्यासारखं.
नाही, अगदी तसंच नाही.
खोडाखाली कुणीतरी आडव्या फळ्यांचा टेका दिला होता,
पिवळ्या रंगाच्या फळ्या, एका बाजूला तव्याचा धूर बसलेला,
करवतीची कड ताजी.

घरी मी काही बोलले नाही.
बाबा जोडे पुसत बसले होते.