दुसऱ्यांदा दाबताना

पेडल रत्नागिरीच्या एका पोराकडून घेतलं,
अठराशेला, अ‍ॅडाप्टर धरून.
त्याचं लग्न ठरलेलं, त्याला वाजवणं सोडायचं होतं.
मला हळदीच्या सीझनपर्यंत
बोटं शाबूत ठेवायची होती, एवढंच.

पार्टीतली पोरं पाण्यात आहेत.
ढोलकीवाला नंदेश चोगल्यांच्या बोटीवर खलाशी,
ताशावाला भालू त्याच बोटीवर,
आणि दोघांचं भांडण मिटलंय की नाही
ते बोट बंदराला लागल्यावरच कळेल.
मी बर्फाच्या फॅक्टरीतून सकाळी सहाला सुटतो.
हात तासभर माझे नसतात.
मग चहा, मग पडवीत बेंजो मांडीवर,
पिन खुपसायची,
आणि एकट्यानंच पार्टी व्हायचं.

एकदा दाबलं की लाल दिवा:
वाजव, मी ऐकतोय.
चार मात्रा, तारांवर तळव्याचा बोथट ठोका.
दुसऱ्यांदा दाबलं की हिरवा:
आता तू ऐक.

ऐकलं.
हा कोण घाईत निघालाय?
चौथ्या मात्रेला प्रत्येक वेळी
बोट सुटल्यासारखा धावतोय.
सात वर्षं नंदेशच्या ढोलकीखाली
मी हे झाकून वाजवलं,
वरातीत लोकांनी नोटा ओवाळल्या त्यावर.
माणूस तीनदा ऐकेल, चौथ्यांदा शिवी देईल.
हे यंत्र शिवी देत नाही.
तेच परत देतं, तेवढंच,
सुट्ट्या पैशांसारखं मोजून.

एका सकाळी त्यात विजूवहिनींच्या कुकरची शिट्टी अडकली.
दर चार मात्रांनी एक शिट्टी, अर्धा तास.
वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या,
"अरे, कोणाची डाळ जळतेय, बघा तरी!"
मी पुसलं नाही.
शिट्टी तालात होती, मी नव्हतो.

बाबा माझ्याकडे पाठ करून जाळं सांधत असतात.
बेंजोबद्दल ते कधी बोलले नाहीत,
चांगलं नाही, वाईट नाही.
परवा सुई न थांबवता म्हणाले,
"तुझी गाठ सरकतेय."
कुठं?
त्यांनी पुढच्या फेरीत सुई वर केली,
नेमकी तिथं
जिथं माझा शेवट माझ्या सुरुवातीला चिकटत नव्हता.
"बसायच्या आधी ओढतोस.
आधी बसू दे. मग ओढ."

पाय उचलला, थांबलो.
चौथी मात्रा पुरती संपू दिली,
तिच्यामागची रिकामी जागाही,
आणि मग टाच नाही, फक्त अंगठा.
लाल. हिरवा.
पहिल्यांदाच सांधा सापडेना.
वर चाल धरली,
बटणांवर बोटं मोकळी धावली,
पन्नास फेऱ्या झाल्या असतील, मोजल्या नाहीत.

तेवढ्यात वीज गेली.
हे स्वस्तातलं पेडल, वीज गेली की सगळं विसरतं.
स्पीकर मेला, बेंजो डासाएवढा उरला.
आणि त्या शांततेत ऐकू आलं:
सुई आत, सुई बाहेर, वेढा, ओढ.
सुई आत, सुई बाहेर, वेढा, ओढ.
बाबा तसेच चालू होते.
कधीपासून, कोण जाणे.

डासाएवढ्या आवाजात मी त्यावर वाजवलं.
पुढं जाळ्याला मोठं भोक आलं,
त्यांचा हात मंदावला.
पेडल मंदावलं नसतं.
मला मंदावायला लागलं.
एकदा दोरा तोडायला ते दातापाशी थांबले
आणि मी तारेवर बोट ठेवून थांबलो,
ताल कुठं गेला ते मात्र आम्हा दोघांनाही माहीत होतं.

वीज आली तेव्हा ऊन पायरीवर होतं.
पेडलचा दिवा लागला, आत काही नव्हतं.
मी भात खाऊन झोपलो.

शुक्रवारी बोट लागेल.
नंदेशला सांगायचंय, माझ्या चुका झाकू नकोस,
चौथ्या मात्रेला मला उघडा टाक.
किंवा हळदी होऊन जाऊ देत.
मग सांगू.